केळीच्या वखारीत भरलेला वर्ग

जळगाव

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझे दोन्ही पाय बधिर झाले होते. पुण्यापासून मांडीवर एक खोकं घेऊन बसले होते आणि ते खाली ठेवायची माझी तयारी नव्हती. खोक्यात आमच्या बी.एड. कॉलेजचा फिल्मस्ट्रिप प्रोजेक्टर होता. चित्रांची पट्टी भिंगापुढून सरकवायची आणि एकेक चित्र मोठं होऊन पडद्यावर पडायचं, असं ते यंत्र. भांडारातल्या काकांनी माझ्याकडून तीन ठिकाणी सह्या घेऊन ते दिलं होतं आणि वर, बाई, बल्ब सांभाळा, असं चार वेळा बजावलं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॉलेजात 'शैक्षणिक तंत्रविज्ञान' हा विषय नव्यानेच महत्त्वाचा झाला होता आणि मला तर तो देवासारखा भेटला होता. त्याचं कारण सांगते. एका कचेरीतली टायपिस्टची नोकरी सोडून मी शिक्षिका व्हायला निघाले होते. घरच्यांनी डोक्याला हात लावला, तरी मी ऐकलं नाही. पण सराव पाठ सुरू झाले आणि माझी ऐट उतरली. वर्गापुढे उभी राहिले की घसा आवळायचा. अकरा पाठ झाले आणि अकराही वेळा आमच्या सरांनी टाचणवहीत 'आवाज' या रकान्यात एकच शेरा लिहिला : मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

मग मी यंत्राच्या आड लपायचं ठरवलं. अंधारात मुलं पडद्याकडे बघतील, मला कोण बघणार? धुळ्याला राज्यातल्या बी.एड. कॉलेजांची नमुना पाठांची स्पर्धा होती. साधन वापरून सातवीच्या वर्गाला विज्ञानाचा एक पाठ द्यायचा. मी प्रोजेक्टरसह नाव दिलं. सरांनी अर्जावर सही केली आणि शांतपणे म्हणाले, "सुनंदा, तिथे जमलं नाही तर कचेरीत परत जायचा विचार कर. राग मानू नकोस, पण आवाजाशिवाय मास्तर होता येत नाही." राग आलाच. पण कचेरीच्या साहेबांनी माझी जागा जानेवारीपर्यंत रिकामी ठेवली आहे, हे मी सरांना सांगितलं नव्हतं आणि स्वतःपासूनही फार काळ लपवता येत नव्हतं. हा बारावा पाठ साधला तर शिक्षिका, नाहीतर पुन्हा टाइपरायटर, असा माझा हिशोब ठरला होता.

माझी वर्गमैत्रीण लता जळगावजवळच्या असोद्याची. स्पर्धेच्या आधी तीन-चार दिवस आमच्याकडे चल, गावच्या शाळेत रंगीत तालीम करू, असं तिनेच सुचवलं. स्टेशनबाहेर भाजीबाजारात तिने मला आधी वांगी दाखवली. हातभर लांब, हिरवी, अंगावर पांढऱ्या रेघा. आमच्या वाईकडे वांगं म्हणजे मुठीत मावणारं, जांभळं, मसाला भरायचं. एवढ्या वांग्यात मसाला भरायला घरातलं पीठ-कूट संपेल, असं मी म्हणाले तर भाजीवाली मनापासून हसली आणि एक वांगं जास्तीचं दिलं.

असोदा

असोद्याला बस थांबली आणि मला पहिल्यांदा कळलं की गाव पुस्तकात वाचतो तसं नसतं. गावाला तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा. त्या पानांचा सतत सळसळणारा आवाज दोन दिवसांनी ऐकू येईनासा होतो, आणि मग पुण्याला परत आल्यावर कानाला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

लताच्या काकू, म्हणजे अक्का, यांनी परसात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायला टाकली होती. वांगी काळीठिक्कर झाली, साल निघाली, मग लाकडी भांड्यात ठेचणं सुरू झालं. हिरव्या मिरच्या, लसूण, दाणे, कांद्याची पात. वाढलं ते केळीच्या पानावर, सोबत कळण्याची भाकरी. भाकरी उडीद आणि ज्वारीची, रंगाने सावळी आणि चवीला अशी की नुसतीच खावी. आमच्याकडे भरतात दही कालवतात, असं मी सहज बोलून गेले. अक्कांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"दही आजारी मानसाले देता," त्या म्हणाल्या. "तू खाय व माय, लाजू नको."

मी लाजले नाही. तिसरी भाकरी घेताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाक गळत होतं, पण हात थांबत नव्हता. त्या दिवसापासून दह्याच्या भरताला मी भरीत म्हणत नाही.

अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिली. शाळेच्या खिडक्यांना दारंच नव्हती. वर्गात इतका लख्ख उजेड की प्रोजेक्टरचं चित्र पडद्यावर पडलं तरी दिसलं नसतं. मी हातपाय गाळले. लताचे काका, आबा, ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी विचारलं की अंधारच पाहिजे ना, मग वखार आहे की.

वखार म्हणजे केळी पिकवायची खोली. आत घड रचायचे, दार बंद करून फटी मातीने लिंपायच्या आणि मडक्यात धूर करायचा. दिवसभराने हिरवी केळी पिवळी होऊन बाहेर येतात. खोलीला खिडकी नाही. दाराला फक्त एक भोक, करंगळीएवढं, कापसाचा बोळा घालून बंद केलेलं. वखारीचं काम बघायचे नाना. ते मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे त्यांची बोली असोद्यापेक्षा वेगळी, अहिराणी. नाना घड्याळ वापरत नसत. बोळा काढायचे, भोकाला नाक लावायचे, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि सांगायचे की अजून दोन तास. आबा म्हणाले, पंधरा वर्षांत नानांचं नाक एकदाही चुकलेलं नाही.

वखार त्या दिवशी रिकामी होती. नवा माल दुपारनंतर भरायचा होता, तोवर ती माझी. मुख्याध्यापकांनी सातवीची मुलं पाठवली. काळ्या भिंतीवर अक्कांनी त्यांचं पांढरं चादरीचं कापड टांगून दिलं. आबांच्या घरून वायर ओढली. गावात मात्र बातमी भलतीच पसरली होती. पुण्याची बाई सिनेमा घेऊन आली, असं ऐकून बायामाणसं बसायला पोती घेऊन दारात हजर. एका म्हाताऱ्यांनी तर हिरो कोण आहे ते विचारलं. मुलं पुढे, मोठी माणसं मागे, अशी वखार भरली. दार लागलं. आत गोडसर, धुरकट वास आणि गच्च अंधार.

मी यंत्र सुरू केलं. माझी पट्टी 'प्रकाश' या विषयावर होती. पहिलं चित्र सूर्याचं, दुसरं कंदिलाचं. मी तोंडातल्या तोंडात पाठ केलेली वाक्यं म्हणत होते. पाचव्या चित्रानंतर मागून कुणीतरी विचारलं की हे हलत का नाही. सातव्या चित्राला दोन बाया उठून गेल्या, कारण घरी भाकरी टाकायच्या होत्या. नववं चित्र होतं खोक्याचं. खोक्याला छोटं छिद्र, एका बाजूला उभी मेणबत्ती, खोक्याच्या आत तीच मेणबत्ती उलटी. प्रकाश सरळ रेषेत जातो याचा तो पुरावा. मी तो पुरावा कुजबुजत असताना पुढच्या रांगेतल्या मुलाने एवढी मोठी जांभई दिली की मला ती अंधारात ऐकू आली. बारावा पाठ इथेच बुडाला, असं मला वाटलं. आणि लाइट गेली.

बाहेर नाना घाबरले. बंद वखारीत पन्नास माणसं, वर वीज नाही. त्यांच्या हाताला जी सवय होती तीच त्यांनी केली. दाराच्या भोकातला बोळा उपसला आणि नाक लावलं.

"नाना, काय करताय?" आबांनी आतून विचारलं.

"आतमा हवा शे का नही, दखी ऱ्हायनू," नाना म्हणाले. आत हवा आहे की नाही, ते बघत होते. आणि वर विचारलं, "पोरे पिकनात का?"

सगळी वखार हसली. नाना बाजूला झाले. आणि काही क्षणांनी, डोळे अंधाराला सरावले तसं, अक्कांच्या चादरीवर काहीतरी उगवायला लागलं. आधी निळा पट्टा, खालच्या बाजूला. मग हिरवं काहीतरी. मग एका मुलीने श्वास आत घेतला, कारण चादरीवर समोरचं कडुलिंबाचं झाड उलटं लोंबत होतं. त्याच्या शेजारी उलटी बैलगाडी, गाडीत केळीचे घड, आणि उलटा बैल शेपूट हलवत होता. रंगांसकट. लाल लुगड्यातली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन, पाय वर करून, गल्लीतून निवांत चालत गेली.

नववं चित्र मी पट्टीवर पन्नास वेळा पाहिलं होतं. ती मेणबत्ती मला पाठ होती. पण ते असं खरोखर होतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले. यंत्र घेऊन मी ज्याचं चित्र दाखवायला एवढ्या लांब आले होते, ती गोष्ट त्या दारात रोज बोळा घालून बंद केलेली होती.

मग गोंधळ झाला. सगळेच बोलायला लागले. भूत आहे, आरसा लावलाय, यंत्रातून येतंय. मी ओरडले, "यंत्र बंद आहे. ते भोकातून येतंय. उलटं का दिसतंय, कोण सांगेल?" मग मी घड बांधायची दोरी मागवली. एका मुलाला दाराशी बसवून दोन दोऱ्या भोकातून ओवल्या. बाहेर लताने एका दोरीचं टोक उंच धरलं, दुसरीचं जमिनीशी. आत दोन्ही दोऱ्या ताणल्या. मघा जांभई देणारा मुलगा दोरी धरून थेट चादरीपर्यंत गेला आणि म्हणाला की वरची दोरी खाली येते, खालची वर जाते, मधे भोक आहे म्हणून त्यांना दुसरी वाटच नाही. त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. आम्ही मग लताला सायकल चालवायला लावली, बैलाला चारा घातला, आबांना डोक्यावर टोपी घालून-काढून दाखवायला सांगितलं. घरी गेलेल्या दोन बाया हाताचं पीठ न धुता परत आल्या.

शेवटी नाना आत आले. चादरीवरचा उलटा बैल त्यांनी बराच वेळ पाहिला, मग माझ्या प्रोजेक्टरकडे पाहिलं.

"तुमना यंत्रमा बठ्ठं उभं शे, बाई," ते म्हणाले. "हाई चालस." बठ्ठं म्हणजे सगळं आणि हाई म्हणजे हे, असं लताने मला हळूच सांगितलं.

संध्याकाळी जेवताना माझा घसा दुखत होता. अक्कांनी हळद घालून दूध दिलं. का दुखतोय, हे मला कळेना. दोन तास आपण घसा फोडून बोलत होतो, हे लताने सांगितल्यावर लक्षात आलं.

पारोळा

स्पर्धेच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. नानांचा माल उतरून झाला होता आणि ते धुळ्याला लेकीकडे निघाले होते, म्हणून सोबतच आले. खोकं पुन्हा माझ्या मांडीवर. नानांच्या पिशवीत लेकीसाठी केळी आणि कापसाची एक लड. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, हातात असलेली बरी.

पारोळ्याला बस बराच वेळ थांबते असं कंडक्टरने सांगितलं. मग आम्ही जाऊन किल्ल्याच्या भिंती बघून आलो. भक्कम तट, त्याच्या सावलीत आरामात बसलेल्या शेळ्या. परतताना गाड्यावरची गरम भजी घेतली आणि तिखटाने हाशहुश करत स्टँडवर आलो, तर आमची बस निघालेली. खोकं आत. प्रोजेक्टर, बल्ब, माझ्या तीन सह्या, सगळं धुळ्याच्या दिशेने चाललं होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली, एका हमालाने डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि फाटकाबाहेर पोचलेली बस करकचून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून विचारलं की कुणाचा अपघात झालाय.

बसमध्ये चढल्यावर लता शांतपणे भजी खात म्हणाली, "मागच्या बाकापर्यंत पोचत नाही म्हणे." नाना खिडकीकडे तोंड करून हसत होते, खांदे हलत होते.

धुळे

स्पर्धा एका जुन्या शाळेत होती. सकाळपासून एकेक कॉलेज आपापलं साधन उतरवत होतं. कुणाकडे टीव्ही आणि व्हिडिओ, कुणाकडे टेपरेकॉर्डर, कुणाकडे मोठा आरशाचा प्रोजेक्टर, त्याला उचलायला दोघे. वायरी ओलांडत चालावं लागत होतं. लाइट होती, चांगली भक्कम होती. माझं यंत्र मी लावून पाहिलं आणि ते झकास चाललं. नववं चित्र आलं. मेणबत्ती, खोकं, उलटी मेणबत्ती.

मी यंत्र बंद केलं.

लताला वाटलं, मला भीती वाटतेय. भीती वाटतच होती, पण ती वेगळी होती. यंत्र घेऊन उभी राहिले तर पाठ बरा होईल, नंबर येणार नाही, आणि मी जन्मभर कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या मागे उभी राहीन. यंत्राशिवाय उभी राहिले तर पडेन किंवा शिक्षिका होईन. टाइपरायटरसमोर बसून विचार करायला मग हवा तेवढा वेळ होता.

आमच्या वर्गाची खिडकी उत्तरेला, मैदानाकडे. दुपारचं ऊन थेट मैदानावर. पण खिडकीला भोक पाडायला शिपायाने साफ नकार दिला. मी प्रोजेक्टरच्या खोक्याचं झाकण कापलं. हे आता पहिल्यांदाच कबूल करते आहे. खिडकीचं एक दार उघडून तिथे ते पुठ्ठ्याचं झाकण बसवलं आणि त्याला पेटत्या उदबत्तीने भोक पाडलं. उरलेल्या फटी नानांनी त्यांच्या कापसाने अशा बुजवल्या की वर्गाची वखार झाली. समोरच्या भिंतीवर असोद्याहून आणलेली अक्कांची चादर टांगली. बोळा घालून ते बाहेर खिडकीशी उभे राहिले. मदतनीस म्हणून फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं.

सातवीच्या मुली आल्या. मागच्या बाकावर परीक्षक बाई बसल्या. वयस्क, खादीची साडी, हातात माझी टाचणवही. माझे अकरा शेरे त्यांनी आधीच वाचलेले असणार. त्यांनी विचारलं की फॉर्मवर प्रोजेक्टर लिहिलाय, तो कुठे आहे. मी म्हटलं, त्याचं झाकण वापरते आहे. त्यांनी टाचणवहीचं बारावं पान उघडलं.

दार लावलं. नानांनी बोळा काढला. आम्ही वाट पाहिली. कापडावर काहीच उगवलं नाही. बाहेरून नानांचा आवाज आला की ढग आला आहे, मोठा आहे.

अंधारात पन्नास मुली, मागे परीक्षक आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नाही. मग मला ती वखार आठवली, दोरी धरून चालणारा तो मुलगा आठवला. मी पिशवीतून वखारीतल्या त्याच दोऱ्या बाहेर काढल्या. एका मुलीच्या हातातली बांगडी मागून घेतली, ती मधे धरली, दोऱ्या तिच्यातून ओवल्या. अंधारात हात चाचपडत मुली दोऱ्यांवरून पुढे सरकल्या. वरची कुठे गेली, खालची कुठे आली, मी विचारत होते, मागच्या बाकांना विचारत होते, कारण दोरीचं टोक तिथे होतं. मग म्हटलं, "समजा बाहेर झाड आहे. ढग गेला की ते कापडावर येईल. कसं दिसेल, आधीच सांगा." पन्नास मुलींनी एका सुरात सांगितलं. उलटं.

आणि ऊन पडलं.

मैदानावर पाचवीची कवायत चालली होती. कापडावर पांढऱ्या कपड्यांतली पोरं डोकं खाली, पाय वर करून रांगेत उड्या मारायला लागली. त्यांच्यामधून शाळेचे कवायतीचे मास्तर, तेही उलटे, शिट्टी वाजवत चालले होते. मुलींनी जो जल्लोष केला तो बाहेर मैदानावर पोचला असणार, कारण मास्तर थांबून आमच्या खिडकीकडे बघायला लागले, आणि ते उलटे बघताना दिसल्यावर जल्लोष दुप्पट झाला. आमचं बरोबर आलं, बाई, आमचं बरोबर आलं, असं मुली एकमेकींना सांगत होत्या. मी तसा आनंद त्याआधी कुठल्याही वर्गात पाहिला नव्हता, आणि त्यातला एक वाटा माझा होता.

तेवढ्यात कापड एकदम काळं झालं. भोकाशी नाक आलं होतं.

"बाई," बाहेरून नानांनी विचारलं, "पोरी पिकन्यात का?"

"पिकन्यात, नाना," मी फळ्याजवळून ओरडून सांगितलं. "बठ्ठ्या पिकन्यात. आता नाक काढा."

पहिला नंबर आमचा आला. नानांनी ढाल हातात घेऊन आधी तिचा वास घेतला, मग लताकडे दिली. त्या संध्याकाळी त्यांच्या लेकीने शेवभाजी केली होती आणि मी पुन्हा रडत रडत जेवले, या वेळी नुसत्या तिखटाने नव्हे. पुण्याला आल्यावर कचेरीच्या साहेबांना पत्र लिहिलं की माझी जागा भरून टाका. भांडारातल्या काकांनी झाकणाविषयी विचारलं तेव्हा मी ते धुळ्याला कामी आलं, असं सांगितलं. बल्ब शाबूत होता, एवढ्यावर त्यांनी मला सोडलं.

टाचणवही मी जळगावकडे परतताना बसमध्येच उघडली होती. पारोळा मागे पडला होता, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. बारावं पान काढलं आणि 'आवाज' या रकान्यात परीक्षक बाईंचं बारीक, सरळ अक्षर वाचलं.

भिंतीपलीकडे पोचतो.